सत्कृत्य प्रतिबंधक गस्त

हेतूशिवाय कोणी कोणाचं भलं करत नाही, या सिद्धांतावर नागरी जीवन उभं आहे. निवडणुका, लग्नातले आहेर आणि दिवाळीची मिठाई ही सगळी त्याच पायावर चालतात. त्यामुळे एखादी व्यक्ती विनाकारण चांगलं वागताना आढळली, तर जबाबदार नागरिकांनी घाबरून न जाता चौकशी समिती नेमावी. लातुरात बार्शी रोडच्या आतल्या अंगाला आमची नवरत्न कॉलनी आहे. तिनं असंच केलं. मी कॉलनीचा सचिव. पाटबंधारे खात्यात हयात गेली असल्यामुळे (खात्यात पाणी कमी, पत्रव्यवहार मुबलक) चौकशीचं काम आपसूकच माझ्याकडं आलं.

संशयित व्यक्तीचं नाव सलोमी शिरसाट. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, साठी ओलांडलेल्या, धर्मानं ख्रिस्ती. मार्तंडराव कुलकर्णींच्या मागच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायला आल्या. सामानात एक लोखंडी पलंग, एक शिलाई मशीन आणि भिंतीवर लावायचा लाकडी क्रूस होता. क्रूस त्यांनी लपवला नाही. लपवला असता तर पुढची चौकशी बरीच सोपी झाली असती.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या घरातल्या गुणाबाई वाळवण काढताना अंगणात घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. वय ऐंशीच्या घरात, मुलगा शिवशंकर बंगळुरात. त्यानं येऊन ऑपरेशन केलं, एक बाई लावून दिली आणि तो गेला. पाठोपाठ बाईही गेली. कॉलनीनं आपलं कर्तव्य केलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाडून सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकानं घाईत वाढदिवसाचे फुगे पाठवले. भाडेकरूंना ग्रुपमध्ये घ्यायचं नाही असा ठराव असल्यामुळे सलोमीबाईंना हात जोडण्याची सोय नव्हती. त्या नाइलाजानं प्रत्यक्ष गेल्या.

गेल्या त्या रोजच जायला लागल्या. सकाळचा चहा, अंग पुसणं, शौचाचं भांडं काढणं, कूस बदलणं, गोळ्या. पुढं वॉकर धरून चालवणं. हे सगळं मायेनं चाललं होतं असंही म्हणता येत नाही, कारण खिडकीतून त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. "रडायचंय तर रडा मावशी, पण चालता चालता रडा."

ही बाब प्रथम अध्यक्षांच्या लक्षात आली. अध्यक्ष म्हणजे हणमंतराव बिरादार. निलंग्याकडं शेती, लातुरात घर, आवाज दोन्हीकडं पुरणारा. त्यांनी आपल्या गच्चीवर तातडीची बैठक बोलावली.

"बाई फुकट करायलीय," ते म्हणाले. "कामून करायलीय?"

सुशिक्षित माणसं बसली होती, प्राध्यापक होते, बँकेतले होते. पण माणूस फुकट का करतो, हा विषय कोणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता. शेवटी म्हातारीचा धर्म बदलायचा डाव असावा, असं बहुमतानं ठरलं आणि त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. हणमंतराव, मी आणि घरमालक या नात्यानं मार्तंडराव (मताचा अधिकार नाही, चहाचा आहे).

आम्ही सलोमीबाईंकडं गेलो. त्यांनी चहा ठेवला. त्यात साखर इतकी होती की मार्तंडरावांना मधुमेह असल्याची समितीला आठवण झाली. त्यांचा कप त्यांच्यासमोरून उचलत बाई म्हणाल्या, "तुमचा बिनसाखरेचा येतोय." समितीनं विचारणा सुरू केली.

"सिस्टर, तुम्ही गुणाबाईंचं एवढं करता," मी म्हणालो, "त्यात तुम्हाला काय मिळतं?"

"मिळायचं ते आधीच मिळालंय, भाऊ."

हणमंतराव ताठ बसले. "कोणाकडून?"

"देवाकडून."

"किती?"

बाई हसल्या. "मोजून कुठं देतो तो."

'मोबदला आगाऊ मिळाल्याची कबुली, रक्कम अनिश्चित, स्रोत परदेशाच्याही पलीकडचा,' अशी मी मनात नोंद केली.

"मावशीला तुम्ही येशूचं सांगता म्हणे," हणमंतरावांनी मुद्द्याला हात घातला.

"विचारलं तर सांगते, अण्णा. पण त्या विचारायला कुठं थांबतात? त्याच मला त्यांच्या सुनेचं सांगतात."

"मग ह्याच्यात धर्म कुठाय?"

"माझा विश्वास काही फार मोठा नाही," त्या म्हणाल्या. "बोलायला गेले तर दोन वाक्यांत संपतो. तो आहे का गेला, हे माझं मलाच कळत नाही कधी कधी. सकाळी मावशींचं भांडं उचलायला हात पुढं झाला, की वाटतं, आहे."

समितीनं कपातला उरलेला चहा संपवला. (याला चौकशीच्या भाषेत 'अधिक विचारार्थ राखून ठेवणे' म्हणतात.)

नंतर गुणाबाईंची साक्ष झाली. "मला तिनं काय बी शिकवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "चालायला लावती नुसती. लई खडूस हाय. उद्या येनार हाय का न्हाई, तेवढं इचारा."

निष्कर्ष स्पष्ट होता. इतकी चौकशी करूनही हेतू सापडत नाही, त्याअर्थी तो फार खोल असला पाहिजे. बाईंना खोली रिकामी करायला सांगावं, अशी सूचना आली. तिला मार्तंडरावांनी कडाडून विरोध केला. परधर्माबद्दल आदर वगैरे कारण नव्हतं. त्यांचं इन्सुलिनचं इंजेक्शन रोज सलोमीबाईच देत होत्या.

तेव्हा हणमंतरावांनी जो तोडगा काढला, त्यासाठी कॉलनी त्यांची ऋणी राहील. "बाई भलं कुणाचं करती?" ते म्हणाले. "ज्याला गरज हाय त्याचं. मग गरजच शिल्लक ठिवायची न्हाई. ती पोचायच्या आधी आपन पोचायचं. बघू मग कुणाचं भलं करती."

अशा रीतीनं सत्कृत्य प्रतिबंधक गस्त सुरू झाली. नियम सोपे होते. गुणाबाईंचा चहा सलोमीबाई उठण्यापूर्वी पोचवावा. दोन्ही वेळचं जेवण आळीपाळीनं द्यावं. औषध देताना संशयिताला संधी मिळेल इतकी दिरंगाई करू नये. पहिल्या दिवशी मी थर्मास घेऊन निघालो तेव्हा माझी पत्नी विमल दारात उभी राहून बघत होती. "घरातला कप कधी मोरीपर्यंत नेला नाहीत," ती म्हणाली. मी तिला विषयाचं गांभीर्य समजावून सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर मऊ उपमा दिला.

सुरुवातीला काही चुका झाल्या. गुणाबाईंना पलंगावरून उठवताना प्राध्यापकांची पाठ धरली. त्या वेळी सलोमीबाई दारातच होत्या. "कमरेतून नका वाकू, गुडघ्यात वाका," असं म्हणून त्यांनी उचलायचं कसं ते दाखवलं, अंगावर फोड येऊ नयेत म्हणून कूस किती वेळानं बदलायची ते सांगितलं. प्रतिपक्षानंच आमच्या दलाला प्रशिक्षण दिल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणावं लागेल. आपण हरतो आहोत याची कसलीच खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. हणमंतरावांच्या मते हे सराईतपणाचं लक्षण होतं.

गुणाबाईंकडं शिरकाव बंद झाल्यावर बाईंनी मोर्चा वळवला. वॉचमनची बायको बाळंत झाली, तिच्याकडं त्या तेल-पाणी करायला जाऊ लागल्या. गस्तीनं आठवड्याच्या आत ती आघाडी काबीज केली. मग कॉलनीलगतच्या कोचिंग क्लासच्या होस्टेलवरची साक्षी नावाची मुलगी तापानं फणफणली. गाव मुखेडकडचं, परीक्षा तोंडावर, घरी कळवायला घाबरत होती. बाई पेज घेऊन पोचल्या तेव्हा तिच्या उशाशी आमच्या कॉलनीच्या तीन पेजा आधीच होत्या. संशयाच्या जोरावर माणूस किती उंच जाऊ शकतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. कॉलनीत आजारी पडायची सोय उरली नाही. शिंक आली तरी काढा यायचा.

एका सकाळी हणमंतराव गुणाबाईंना दंडाला धरून फाटकापर्यंत चालवत नेताना दिसले. पडल्यापासून म्हातारीनं फाटक पाहिलं नव्हतं. ती तिथं उभी राहून रस्त्याकडं बघत रडली. हणमंतरावांनीही बराच वेळ दुसरीकडं तोंड करून नाक साफ केलं, आणि ग्रुपवर कळवलं: "परिस्थिती नियंत्रणात."

अखेर एक दिवस सलोमीबाईंनी सामान बांधलं. मुखेडला त्यांची एक जुनी सोबतीण, नर्सच, अंथरुणाला खिळली होती. टेम्पो आला. शिलाई मशीन हणमंतरावांनी स्वतः उचललं (गुडघ्यात वाकून).

"इथं आता मला कोणी काही करूच देत नाही," बाई म्हणाल्या. "बरं झालं."

हणमंतरावांनी मशीन ठेवलं, दोरी आवळली, आणि मागं न बघता विचारलं, "आमी हे कशापायी करत होतो, ठाव होतं का तुमाला?"

"हो की. गुणाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग राग न्हाई आला?"

"आला की. दोन दिवस जेवले नाही नीट. मग बघितलं, मावशींना चहा माझ्यापेक्षा लवकर मिळतोय. म्हटलं, देवाला काम करून घ्यायचंय, माणसं त्याची तो निवडेल. मी कोण रुसणारी?"

टेम्पो गेला. हणमंतराव बराच वेळ धुळीत उभे होते. दोरी नीट बसली नसावी, असं ते मला म्हणाले.

धोका टळल्यामुळे त्याच आठवड्यात बैठक होऊन गस्त बरखास्त करण्यात आली. सदस्यांचे आभार मानले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निवांत झोपले. सार्वजनिक कर्तव्यातून मुक्त झाल्यावर झोप फार छान लागते.

नऊच्या सुमारास रस्त्यावर खटखट ऐकू आली. गुणाबाई एकट्याच वॉकर टेकत, दर चार पावलांना थांबत, हणमंतरावांच्या दारापर्यंत आल्या होत्या. चहा कोणी दिला नव्हता. आदल्या संध्याकाळचं जेवणही राहिलं होतं, हे नंतर उघड झालं. हणमंतराव धावत बाहेर आले.

"हणमंता," म्हातारीनं शांतपणे विचारलं, "चर्चला जायाला रिक्षा किती घेती रे?"

"कामून, मावशी?"

"आयतवारी जावं म्हनते. काय हाय तिथं, बघावं तरी एकदा."

गस्त दुपारच्या आत पूर्ववत झाली. त्याच संध्याकाळी, इंजेक्शन द्यायला कोणी न उरलेल्या मार्तंडरावांनी ग्रुपवर एक निरागस प्रश्न टाकला: कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात नेमका फरक काय? पाचव्या मिनिटाला बँकेतले गृहस्थ सिरिंज घेऊन त्यांच्या दारात उभे होते. त्यानंतर कॉलनीतल्या ज्येष्ठांमध्ये धर्मजिज्ञासा साथीसारखी पसरली. सध्या एकाकी वृद्धांपैकी बहुतेक सर्व जण धर्मांतराच्या उंबरठ्यावर असून प्रकृतीनं ठणठणीत आहेत.

हणमंतराव अधूनमधून मुखेडला जातात. बाजाराच्या दिवशी, एसटीनं, सोबत ज्वारीची पिशवी. बाईंच्या हालचालींवर नजर ठेवावी लागते, असं ते सांगतात. मागच्या खेपेला दोन दिवस तिथंच राहिले. "त्या दुसऱ्या बाईला उचलायला मानूस न्हाई तिथं," ते म्हणाले, आणि मग सचिवांपुढं बोलतो आहोत हे लक्षात येऊन पुढं जोडलं, "पाळत जवळून ठिवावी लागती." मीही पुढच्या वेळी बरोबर येतो म्हणालो. साक्षीदार दोन असलेले बरे.

आता इतर कॉलन्यांची शिष्टमंडळं आमच्याकडं अभ्यासाला येतात. त्यांची अडचण एकच असते: त्यांच्याकडं सलोमीबाई नाहीत, त्यामुळे गस्तीला निमित्त नाही. वाचकहो, तुमचीही परिस्थिती बहुधा तीच असणार. भिंतीपलीकडं कोण राहतं, ते हल्ली बाहेर का दिसत नाहीत, हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि तुमच्याबद्दल त्यांनाही. त्यात काळजीचं काही नाही. तुमच्या परिसरात कसलाही धोका नसल्याचा तो भक्कम पुरावा आहे. तेव्हा निर्धास्त राहा. फक्त वय झालं की न्हाणीघराची कडी आतून लावत जाऊ नका.