कोणी लागत नसल्याचा दाखला

लोकवाहन मंडळाच्या वाहक भरतीत नेसरीच्या निशिगंधा मगदूम लेखी परीक्षेत जिल्ह्यात तिसऱ्या आल्या. किलिमांजारो पर्वताची उंची त्यांनी मीटरपर्यंत बरोबर लिहिली होती. नेसरी-कोल्हापूर मार्गावर हा पर्वत लागत नाही. पण वाहकाची तयारी असावी, असे मंडळाचे धोरण आहे. घंटी वाजवण्याचे प्रात्यक्षिकही झाले. राहिली फक्त मुलाखत. या महिन्याच्या एकतीस तारखेला बाईंना अडतीस वर्षे पूर्ण होत होती, आणि त्यानंतर माणूस वाहक व्हायला कायमचा अपात्र ठरतो. जाहिरात निघाली तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. परंतु दरम्यानच्या काळात वय वाढवावे, अशी कोणतीही लेखी सूचना मंडळाने दिलेली नव्हती.

मुलाखतीला बसलेले साहेब दूरच्या विभागातून नुकतेच बदलून आले होते.

"अनोळखी प्रवासी गाडीत चढला आणि दारातच उभा राहिला. त्याला काय म्हणाल?"

"पावणं, फुडं सरका."

साहेबांचे पेन थांबले. "पाहुणे? म्हणजे तुमचे नातेवाईक?"

"न्हाई ओ साहेब. कुणीबी असूंदे, आमच्यात सगळ्यास्नी पावणंच म्हणत्यात."

"सगळ्यांना?"

"व्हय की!"

शेरा पडला : 'सर्व प्रवासी आपले नातेवाईक असल्याचे उमेदवाराने स्वतः कबूल केले.' नियम चौदाप्रमाणे नातेवाइकाला तिकीट फाडून देणे म्हणजे हितसंबंध. तरीही मंडळ सहृदय आहे. बाईंना एक संधी देण्यात आली. पंचवीस प्रवाशांच्या सहीने दाखला आणावा : 'सदर उमेदवार माझ्या कोणीही लागत नाहीत व त्यांच्याशी माझा काहीएक संबंध नाही.' मुदत एकतीस तारीख, सायंकाळी पाच.

बाई दाखल्याचे कोरे नमुने घेऊन स्टँडवर गेल्या. बाकावर गडहिंग्लजचे ज्ञानू तात्या बसले होते.

"सही? करतो की. गाव कंचं?"

"नेसरी."

"कुणाच्यातली?"

"मगदुमांच्यातली."

"आँ? मग धोंडुबाई तुझी कोण?"

"आत्ती."

"अगं, तिच्या नणंदेची लेक आमच्या भावकीत दिलीया! आणि माझ्याकडनंच लिहून घ्यायला लागलीस व्हय, संबंध न्हाई म्हणून? बस हितं. चा घे आदी."

शेजारच्या शांतव्वांनी कागद उलटा करून पाहिला. "नातं न्हाई, खरं तुझ्या आईची आणि माझी म्हस एकाच पाणवठ्याला यायची. एकदा अदलाबदल होऊन तुमची म्हस चार दिस आमच्यात ऱ्हायली. मी न्हाई बाई असली खोटी सही करायची."

दोन दिवसांत बाईंना सोळा चहा, एक खण आणि धाकट्या दिरासाठी एक स्थळ मिळाले. सही एकही नाही.

"सुशिक्षितांत जा," असे कुणीतरी सुचवले. तेव्हा त्या शहरातल्या एका मोठ्या सोसायटीत गेल्या. स्वतःची गाडी गॅरेजला गेली की तिथले लोक बसने जात, म्हणून तेही प्रवासीच. दारे साखळीपुरती उघडली.

"काय पाहिजे?"

"संबंध नसल्याचा दाखला."

"कुठं करू सही?"

चाळीस मिनिटांत चोवीस सह्या. कुणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. एका गृहस्थांनी तर स्वतःहून पुस्ती जोडली : 'कधी नव्हताही.' दोन समोरासमोरच्या दारांनी एकमेकांसाठी वापरायला कोरे नमुने मागून घेतले. पंचविसावे दार मात्र उघडलेच नाही. आत टीव्ही चालू होता.

आज एकतीस तारीख. एक सही कमी आहे. आपण इथवर वाचलेत, एखाद्या ठिकाणी हसलाही असाल, आणि आता 'चालायचंच, आपला काय संबंध' म्हणून पान उलटणार आहात. जरूर उलटा. फक्त तेवढे वाक्य लिहून त्याखाली सही करा. पाचाला दहा मिनिटे आहेत, आणि बाई आपल्या दाराबाहेर उभ्या आहेत.