कुलथ्यांच्या भिंतीवरचे चार नापास

प्रिय रेवा आणि निखिल,

परवा तुमच्या आईचा फोन आला. रेवा परीक्षेत नापास झाली आणि "आजीला मुळीच सांगू नकोस" असं रेवानं बजावलंय, हे तिनं मला पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं. तुमच्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रेवा, मी रागावलेली नाही. उपदेशही करणार नाही. मला एकदम आमचे जुने शेजारी कुलथे आठवले, आणि इतका उत्साह आला की सकाळच्या गोळ्या घ्यायच्या आधीच मी कागद पुढे ओढला. गोळ्या आता घेतल्या आहेत. क्रमाने सांगते.

कुलथ्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतर लोक देवांच्या नाहीतर वडिलांच्या तसबिरी लावतात, तिथे चार गुणपत्रिका टांगलेल्या होत्या. काळी चौकट, वर स्वच्छ पुसलेली काच. चारही गुणपत्रिका त्यांच्या स्वतःच्या, चारही मॅट्रिकच्या, आणि चारही नापासाच्या! प्रत्येकीखाली पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर सुंदर अक्षरात मजकूर. पहिली: 'नापास, इंग्रजी, नग एक. कारण: घमेंड.' दुसरी: 'नापास, इंग्रजी, नग एक. कारण: तमाशा, तिसगावच्या जत्रेतला.' तिसरीचं कारण हिवताप. चौथीखाली एवढंच लिहिलं होतं, 'कारण: गाय.'

बहात्तर सालच्या पावसाळ्यात आम्ही नगरजवळ भिंगारला राहायला गेलो. पावसाळा नावाचाच, पाऊस आलाच नाही. तुमच्या आजोबांची बदली झाली होती आणि मला नगरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. कुलथे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. आयुष्यभर सामानाच्या याद्या लिहून त्यांची जीभ यादीसारखी झाली होती. आधी वस्तू, मग तिचा प्रकार, मग तिची अवस्था, शेवटी संख्या. पहिल्या दिवशी आम्ही ओळख करून घ्यायला गेलो तर म्हणाले, "या, बसा! खुर्ची, लाकडी, घडीची, एक पाय ढिला. जरा डावीकडून बसा, साहेब."

आजोबा डावीकडून बसले.

"चहा, गुळाचा, बिनदुधाचा, कप दोन!" कुलथ्यांनी आत हुकूम सोडला. "आणि या आमच्या सौभाग्यवती. यमुना, तिसगावची, जुनी, दुरुस्तीपलीकडे."

"तुमच्यापरीस बरी हाय मी," यमुनाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "बाई, तुमी मनावर घेऊ नका. हे वरातीत बी असंच बोलत हुते."

"आणि मुलगी सुमती," कुलथे म्हणाले आणि थांबले. तिच्यापुढे यादी लागली नाही. "आत आहे," एवढंच म्हणाले.

आजोबांचं लक्ष भिंतीकडे होतं. "हे काय?"

"गुरू!" कुलथे उठून उभेच राहिले. "नग चार. प्रत्येकानं एकेक धडा दिला. माणसानं काय करावं, साहेब? मागे बघ! धडा घे! पुढे चल!" हे त्यांनी परेडच्या आवाजात म्हटलं. रोज सकाळी दात घासताना ते असंच ओरडत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शेजारी पलटण उतरली आहे.

आता सुमतीचं. सुमती त्या जूनमध्ये अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, नापास झाली होती. फक्त इंग्रजीत. तिला अध्यापिका विद्यालयात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. निकालानंतर तिनं घराबाहेर पडणं बंद केलं. पाण्यालाही जाईना, कारण तिथे बायका विचारत. पुन्हा परीक्षेला बसायचा विषय काढला की उठून आत जाई. आणि तिसगावच्या मामांनी निरोप धाडला होता, मार्चला पोरगी बसणार नसेल तर वैशाखात लग्न उरकू, स्थळ बघून ठेवलंय.

अशा घरात बापानं नापासाच्या तसबिरी लावाव्यात! मला फार राग आला. मुलीच्या जखमेवर मीठ चोळण्याचा हा प्रकार वाटला. चार दिवस धीर धरला आणि पाचव्या दिवशी कुलथ्यांना कुंपणापाशी गाठलं. "कुलथे, तिच्यासाठी तरी ते उतरवा."

"न्हाई बाई. माल लपवला की सडतो. मांडून ठेवावा." मग एकदम हात जोडले. "तुमच्याकडे काम होतं. विद्यार्थी, जुना, वापरलेला, नग एक. पास करून द्या."

"कोण?"

"मी. बाहेरून बसायचं म्हणतो. मार्चला."

"वय किती तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"बढती मिळणार आहे का?"

"बढतीची वेळ गेली, बाई. पण उद्दिष्ट! उद्दिष्ट नसलं की माणूस गोदामात पडून राहतो. मग त्याला उंदीर लागतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक अट. वर्ग आमच्याच घरी. आणि लई मोठ्यानं शिकवा. मला कमी ऐकू येतं."

हा माणूस पाण्याच्या टँकरचा भोंगा इतर कुणाच्याही आधी ऐकत असे. पण मी हो म्हटलं.

संध्याकाळी सहाला वर्ग सुरू झाला. मी खुर्चीत डावीकडून बसून मोठ्यानं शिकवायची. पहिल्याच दिवशी मी त्यांना गायीवर निबंध लिहायला सांगितला, आणि त्या चौथ्या चौकटीचा उलगडा झाला. कुलथ्यांचं इंग्रजी असं होतं: 'काऊ, मिल्च. हॉर्न्स टू, लेग्ज फोर, टेल वन. कंडिशन सर्व्हिसेबल.' आणि खाली, 'सबमिटेड फॉर युवर ऑर्डर्स, प्लीज.'

"चौथ्या वेळी हेच लिहिलं होतं?" मी विचारलं.

"नेमकं हेच. नुकताच डेपोत लागलो होतो ना! वाटलं, साहेब लोकांना अशीच गाय आवडते."

दुसऱ्या दिवशी 'माझी आई' दिली. त्यांनी लिहिलं, 'मदर, ओल्ड. टीथ निल.' मी हे मोठ्यानं वाचलं आणि आतल्या दाराच्या पडद्यामागून फिस्सकन हसू आलं. कुलथ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पडद्याकडे पाहत राहिले.

त्यानंतर त्यांच्या चुका भराभर वाढल्या. आदल्या दिवशी आलेलं दुसऱ्या दिवशी येईना. मी इतकी वर्षं शिकवलं होतं, पण असा ताळ सोडलेला विद्यार्थी पाहिला नव्हता. एका संध्याकाळी ते तिसऱ्यांदा म्हणाले, "आय गोएड टू पारनेर."

"वेंट!" पडदा बाजूला झाला. "बाबा, वेंट! बाईंनी किती वेळा सांगायचं? मला इथून ऐकून ऐकून पाठ झालं!"

"मग तूच सांग की," कुलथे अगदी शांतपणे म्हणाले. "बाई दमल्या."

मी काही दमले नव्हते. पण मी खडू पुढे केला आणि सुमतीनं तो घेतला. त्या दिवसापासून ती शिकवी, कुलथे चुकत, आणि दोघांना सुधारायला मी.

दिवाळीपर्यंत गल्लीतला नळ कोरडा पडला आणि टँकर येऊ लागला. हंडे, घागरी, डबे यांची ही लांब रांग! कुलथ्यांनी तिथेही वर्ग काढला. रांग एक पाऊल सरकली की एक स्पेलिंग. त्यासाठी सुमतीला बरोबर जावंच लागे, कारण मास्तर तीच. पहिल्या दिवशी ती पदराआड तोंड घालून उभी होती. आमच्या समोरच्या भीमाबाईंनी टोला हाणला, "काय वो कुलथे, म्हातारपणी बालवाडी?"

"तुमी बी घ्या, मावशी! फुकट हाय! म्हणा, डब्ल्यू, ए, टी..."

"मेलं ते! घसा कोरडा पडलाय इथं!"

पण आठ दिवसांत भीमाबाई 'वॉटर' म्हणायला लागल्या. महिन्याभरात अख्खी रांग म्हणायला लागली. टँकरचा ड्रायव्हर भोंगा वाजवायचा आणि पन्नास बायका ओरडायच्या, "डब्ल्यू! ए! टी! ई! आर!" अन्नाचे हाल होते, रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नसत. आणि तरी मुलांनो, मी त्या रांगेत जितकी हसले तितकी पुढे क्वचितच हसले असेन.

तिथेच एक बाई सुमतीला म्हणाली, "तू ती नापास झालेली ना गं?"

सुमतीनं हंडा खाली ठेवला. "हो. इंग्रजीत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "म्हणून तर आता नीट शिकतेय. तुमचं स्पेलिंग झालं का?"

त्याच संध्याकाळी तिनं फॉर्मवर सही केली. कुलथ्यांनी लगेच स्वतःचाही फॉर्म पुढे सरकवला आणि अंगणात जाऊन तीनदा "पुढे चल!" ओरडले.

मार्चात पेपरच्या दिवशी मी रजा काढली. टांग्यातून आम्ही चौघं नगरला गेलो. वाटभर कुलथे पाठांतर करत होते, टांगेवाल्यालाही प्रश्न विचारत होते. केंद्राच्या फाटकाशी उतरले आणि एकदम उभेच राहिले. नग नाही, प्रकार नाही. ते साधंच म्हणाले, "सुमे, मला भीती वाटते गं."

सुमतीनं त्यांच्या खिशातलं पेन नीट केलं आणि मनगट धरलं. "मला पण वाटतेय. चला." दोघं आत गेले. ती एका खोलीत, ते शेजारच्या.

यमुनाबाई आणि मी बाहेर लिंबाखाली बसलो. त्या म्हणाल्या, "बाई, त्या चौकटी कवा लावल्या, ठावं हाय का तुमाला?"

"झाली असतील वीस वर्षं."

"न्हाई वो. तुमी यायच्या आदी पंधरा दीस."

"मग इतकी वर्षं?" मी विचारलं.

"लग्नात आमाला सांगितलं हुतं, नवरा म्याट्रिक पास हाय. डेपोत बी तेच ठावं. समदे म्याट्रिक कुलथे म्हनायचे, पत्र वाचून घ्यायला यायचे. निकाल लागला तवा पोर रडत रडत म्हनाली, 'बाबा, तुमाला काय कळनार? तुमी पास झालेले.' सकाळी ह्यांनी ट्रंक उघडली. माझ्या शालूखाली कागदं निघाली. पोरीच्या म्होरं मांडली, मग बाजारात जाऊन काचा बसवून आनल्या."

"आणि डेपोत?"

"आता नापास कुलथे म्हनत्यात," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण ते पुरतं आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सुमती पास! इंग्रजीत एक्कावन्न! कुलथे गुळाचा खडा घेऊन दारोदार धावले. भीमाबाईंच्या तोंडात तर त्यांनी तो कोंबलाच. मामांना तार गेली, स्थळाला नकार गेला. या गडबडीत त्यांचा स्वतःचा निकाल विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मीच दोन दिवसांनी विचारलं.

"एकतीस," ते म्हणाले. पस्तीस लागत.

"अहो, पण तुमची तयारी पक्की होती! मी स्वतः घेतली होती. कारण काय?"

"शेजारच्या खोलीत सुमीला खोकला लागला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो आणि खिडकीतून बघितलं. लिहीत होती. परत जाऊन बसलो, तर पुन्हा खोकला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिनं मला हातानं 'जा' म्हणून सांगितलं. हसत होती, बाई! मग मला पेपरात काही सुचेचना."

ते पुन्हा कधी परीक्षेला बसले नाहीत. सुमती विद्यालयाच्या वसतिगृहात राहायला गेली. त्यानंतरच्या सोमवारी सहाच्या ठोक्याला कुलथे पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी विचारलं, "कुठून सुरुवात करू या?"

पुस्तक त्यांनी उघडलं नाही. "घर लई शांत झालंय," ते म्हणाले. "तुमी तुमचं वाचा, बाई. मी नुसता बसतो."

मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागले. पुढे आमची बदली होईपर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, ते येत राहिले.

कुलथे गेले, यमुनाबाई गेल्या, भिंगारचं ते घर पाडून तिथे दुकानं झाली. सुमती पारनेरला असते. ती शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. दर रविवारी सकाळी तिच्या ओसरीवर इंग्रजीत नापास झालेल्या मुलींचा वर्ग भरतो. फी घेत नाही. मागच्या रविवारी चौदा मुली आल्या होत्या.