फक्कीची खोली

नवी खोली बांधण्याआधी ती वापरून बघायची, ही कल्पना मोजपट्टीची. तो औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि घरीसुद्धा चहात साखर घालताना चमचा सपाट करून घ्यायचा. म्हणून त्याला मोजपट्टी हे नाव खुद्द त्याच्या बाबांनीच ठेवलं होतं.

खोली हवी होती त्याच्या बायकोला. एका हॉटेलातल्या लोकांचे गणवेश शिवायचं काम तिला मिळालं होतं. वेळेत दिले तर काम कायमचं तिच्याकडे येणार होतं. पण शिलाई मशीन बैठकीच्या खोलीत, म्हणजे घराच्या हमरस्त्यावर. शिवण जरा सरळ जायला लागली की कोणीतरी विचारायचंच, "माझा चष्मा पाहिलास का?"

"कागदावर केलेलं बजेट हमखास चुकतं," मोजपट्टी म्हणाला. "आधी प्रयोग." मैदान आखायची पांढरी फक्की आणून त्याने मागच्या अंगणात खऱ्या मापाची खोली आखली. एका जागी रेघ तोडली; तो दरवाजा. "नियम एकच. भिंतीतून जायचं नाही. दरवाजा वाजवायचा."

"हवेवर?" आईने विचारलं.

"तोंडाने."

बायकोने मशीन बाहेर नेलं. थोड्याच वेळात बाबा चष्मा शोधत सरळ आत घुसले.

"बाबा, भिंत!"

"अरेच्चा!" बाबा मागे फिरले, वळसा घालून दरवाजाशी आले. "टक टक."

"काम चालू आहे."

"बरं बरं," म्हणत बाबा चक्क निघून गेले. बायकोचा पाय मशीनवरच थांबला. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

पण आता बाबांना त्या खोलीत रस निर्माण झाला. "खिडकी नाही? सूनबाई काय कोठडीत बसणार?" मोजपट्टीने खिडकी आखली आणि बजेटमध्ये घातली. आई म्हणाली, खिडकी आली की छज्जा हवा. छज्ज्यावरचं पाणी अंगणात चिखल करणार, म्हणून फरशी. फरशी घालायची तर मधला नळ हलवायला हवा. "आणि नळ हलवतोच आहेस," बाबा म्हणाले, "तर बाथरूम करून टाक की. पाइप तर आलाच!" प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे मोजपट्टीला एकही खोडता येईना.

ठेकेदार आला तो अंगण ओलांडून सरळ.

"अहो, भिंतीतून काय येताय!" बाबा ओरडले. बिचारा दचकला, मागे गेला, आणि सगळ्यांच्या नजरेसमोर दरवाजातून आत आला. त्याने मापं घेतली, हिशेब केला आणि आकडा सांगितला.

आकडा ऐकून बाबा भिंतीला टेकायला गेले आणि थेट खाली बसले.

मग काटछाट सुरू झाली. बाथरूम पुसलं. नळ जागेवर आला. फरशी, छज्जा, खिडकी सगळं गेलं. तरी जमेना, तेव्हा मोजपट्टी झाडू घेऊन भिंतीच आत सरकवू लागला.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," आई म्हणाली. "इथे अंथरूणच मावेना."

"तुझं कोपर भिंतीबाहेर येतंय," मोजपट्टी बायकोला म्हणाला.

"मग भिंत हलव."

"भिंत हलली की बजेट हलतं."

ठेकेदाराने बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहिलं. "साहेब, याला मी नको. सुतार बोलवा. कपाट चांगलं होईल."

बायकोने दातांनी दोरा तोडला आणि शेवटचा गणवेश घडी करून गठ्ठ्यावर ठेवला.

"झाले सगळे," ती म्हणाली.

"सगळे? इतक्यात?"

"कोणी आत आलंच नाही ना! मला खोली नकोच. मला ही रेघ पुरे."

मशीन परत बैठकीच्या खोलीत गेलं आणि त्याच्याभोवती तिने कापडावर खुणा करायच्या खडूने चौकोन आखला. हॉटेलचं काम कायम झालं. मोजपट्टीने बजेटच्या कागदावर एकूण खर्चापुढे शून्य लिहिलं आणि त्याखाली समाधानाने दोन रेघा मारल्या.

एका संध्याकाळी तो कारखान्यातून आला आणि उंबऱ्यातच थबकला. फरशीभर खडूच्या रेघा होत्या.

"बाबा, हे काय?"

"टक टक कोण करणार?" रेडिओशेजारून बाबा म्हणाले. "ही माझी खोली. बातम्या चालू आहेत, नंतर ये."

"आई, निदान चहा तरी..."

"मला एकटीला खोली नको होय?" आई पलीकडच्या चौकोनातून म्हणाली. "स्वयंपाकघरात जा आणि घे करून. पण माझ्या भिंतीतून नको."

बायकोने मान वर केली नाही. "काम चालू आहे."

मोजपट्टीने शास्त्रीय दृष्टीने जमिनीचा अभ्यास केला. तीन उत्तम खोल्या होत्या, आणि उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्याने बूट न काढताच ठेकेदाराला फोन लावला.

"खोली राहू द्या. घरातल्या घरात एक पॅसेज काढायला किती येईल?"

"मधल्या भिंतींवर आहे," ठेकेदार म्हणाला. "कच्च्या आहेत की पक्क्या?"

मोजपट्टीने हळूच एक पाय पुढे टाकला.

"भिंत!" तिघं एकदम ओरडले.

त्याने पाय मागे घेतला.

"पक्क्या," तो म्हणाला.