लग्नाच्या ड्रेसचे सहा अभ्रे

लग्नाला चार महिने झाले तरी लग्नाचा ड्रेस घरातून हलायला तयार नव्हता. दीड खोलीचं घर, त्यात माणसं चार आणि पाचवा तो. मोतिया रंग, जमिनीवर लोळणारा घेर, छातीवर मण्यांची दाटी. कपाटात मावेना म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात हँगरला लटकायचा. चहाचा कप घेऊन बाहेर यायचं तर आधी त्याला बाजूला सारायचं. एकदा सासऱ्यांनी चष्मा न लावता त्यालाच "सूनबाई, पेपर दे गं" म्हणून सांगितलं आणि उत्तर आलं नाही म्हणून दिवसभर फुगून बसले.

सूनबाई सोफ्याची कव्हरं बनवणाऱ्या कारखान्यात कापायच्या टेबलावर होती. तिथे तिला मास्तरीण म्हणत. चार तास अंगावर घातलेल्या कापडासाठी चार महिने घरात वाकून चालायचं, हे तिला पटत नव्हतं. ते चार तासही तिला धड बसता आलं नव्हतं. असले कपडे बनवणारे बाईचं माप घेतात ते पुतळ्याचं म्हणून. ती श्वास घेते, तिला भूक लागते, हे त्यांच्या गावीही नसतं. त्या ड्रेसमध्ये कामाची गोष्ट एकच होती. अस्तराच्या आत मास्तरणीने स्वतःच्या हाताने रुमालापुरता एक खिसा शिवला होता.

"आई, याचं काहीतरी करू या," ती सासूबाईंना म्हणाली.

"करायचं काय? ठेवायचा. नातीला होईल."

"नात कुठाय अजून?"

"म्हणून तर म्हणते, ठेव."

"आणि नातू झाला तर?"

"तर त्याच्या बायकोला."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला वाटेल ते कर." ऐकायला काय उदार वाक्य! अर्थ एवढाच, की आईने विचारलं तर मी त्या वेळी घरात नव्हतो.

शेवटी ठेवायचाच तर धुऊन ठेव, असा हुकूम सुटला आणि ड्रेस लाँड्रीत गेला. बुधवारी तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन परत आला आणि पुन्हा दारात लटकला. शनिवारी दुपारी सासूबाई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन निघाल्या, तर ते प्लास्टिक सपकन तोंडावर चिकटलं. पातेलं खाली, पाणी सगळीकडे, पाय वीतभर अंतराने वाचला. सासूबाई मटकन खाली बसल्या.

"काप त्या मेल्याला!"

शब्द मागे घेतला जायच्या आत मास्तरणीने मोठी कात्री काढली. जमिनीवर घेर पसरला, खडूने खुणा केल्या, आणि तासाभरात सहा उशांचे अभ्रे कापून तयार. हात असे चालले होते, की चार महिन्यांचा राग बोटांतून वाहून जात होता. राहिला तो खिसा. तो उसवून ठेवावा म्हणून तिने अस्तर उलटं केलं.

खिसा नव्हता.

तिने दुसरी बाजू बघितली, तिसऱ्यांदा हात फिरवला. खिसा नव्हताच. कमरेची पट्टीही तिच्या मापाची नव्हती, चांगली चार इंचांनी लहान होती. मास्तरणीने सगळे तुकडे पिशवीत कोंबले आणि लाँड्री गाठली.

लाँड्रीवाल्याने वहीवर बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं ते थांबलंच.

"ताई, तुमचा ड्रेस बेकरीच्या वर राहतात त्यांच्याकडे गेला वाटतं. त्यांचा नुसता इस्त्रीला आला होता. अगदी सेम टू सेम."

"सेम कसा? दुकानदाराने मला शपथेवर सांगितलं होतं, असा पीस दुसरा नाही!"

"त्यांनाही तसंच सांगितलं असेल. काही हरकत नाही, तो आणा, बदलून देऊ. फक्त आजच आणा हं. उद्या अकराला लग्न आहे त्या मुलीचं."

मास्तरणीने पिशवी काउंटरवर ठेवली. त्याने आत डोकावलं.

"हे काय?"

"अभ्रे."

लाँड्रीवाला स्टुलावर बसला. "तुम्हीच जा ताई. माझ्याच्याने नाही व्हायचं."

चूक त्याची, कात्री हिची. पण उद्या लोकांसमोर उभं राहायचं होतं तिसऱ्याच मुलीला. बेकरीशेजारचा जिना चढताना मास्तरणीने वाक्य तयार केलं: तुमचा ड्रेस माझ्या हातून कापला गेलाय, माझा तुमच्याकडे आहे, तो घाला, आणि मला काय वाटेल ते बोला. दार उघडलं ते नवरीच्या आईने.

"मी लाँड्रीतून आले. मला एक सांगायचं होतं..."

"शिवता येतं का तुम्हाला?"

"येतं. पण आधी..."

"मग आधी आत या! शिंपी दुकान बंद करून गेला हो मेला!"

आतल्या खोलीत नवरी आरशासमोर ताठ उभी होती. अंगावर मास्तरणीचा ड्रेस होता, पाठीची चेन अर्ध्यावर अडकलेली.

"ताई, घाबरू नका, गोष्ट आनंदाचीच आहे," नवरी दम खात म्हणाली. "तीन महिने डाएट केलं मी. नुसती काकडी! वजनकाट्याने ढिम्म दाद दिली नाही. आणि बुधवारी ड्रेस घालून बघते, तर चार इंच ढगळ!"

"चार इंच!" आई म्हणाली. "आख्ख्या बिल्डिंगला सांगितलं आम्ही."

"मग शिंप्याकडे नेला. म्हटलं, लग्नापर्यंत अजून उतरेन, तर चारऐवजी पाच इंच आत घ्या. आणि मग..."

"मग तीन दिवस खाल्लं तिने," आई म्हणाली.

"आई!"

"नाही का? दोन्ही वेळा भात, वर गोड. मी म्हटलं, खाऊ दे, कमावलंय पोरीने."

मास्तरणीने तोंड उघडलं. तयार केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. समोर घामाघूम झालेली एक पोर उभी होती. तीन महिने काकडी चावून तिच्या पदरात काय पडलं होतं, तर दुसरीच्या कमरेचे चार इंच. आता हे तिला सांगायचं? लग्नाच्या आदल्या दिवशी? जन्मभर खरं बोलल्याचा टेंभा मिरवणारी माणसं मास्तरणीने पुष्कळ बघितली होती. त्यांच्या खरेपणाचा भार नेहमी समोरच्याने उचललेला असतो.

"उलटा करा बघू," ती म्हणाली.

शिंप्याने कापड कापलं नव्हतं, नुसतं आत दुमडून टाके घातले होते. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. तिने पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली, सुई-दोरा मागून घेतला आणि उसवायला बसली.

"सैल करताय?" नवरीचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मी परत जाड झाले?"

"छे! शिलाई कच्ची आहे त्याची. मी पक्की करते. पक्क्या शिलाईला थोडी जागा लागते."

"आणि बसता येईल?"

"बसता येईल, जेवताही येईल. ते मी बघते."

स्वतःच्या ड्रेसला तिने ते कधी केलं नव्हतं. पुरता दीड इंच सोडला तिने.

"आतून खिसा पण आहे बघा याला, मला बुधवारीच दिसला," नवरी कौतुकाने म्हणाली. "एवढा विचार कोण करतं हो?"

मास्तरणीने पुढचा टाका घातला. तोंडात टाचण्या होत्या, हे बरंच होतं.

शेवटच्या टाक्यांपाशी नवरीची आई शेजारी येऊन बसली.

"एवढा सुंदर ड्रेस! पण उद्यानंतर ठेवायचा कुठे, हाच प्रश्न आहे. तुमचंही लग्न झालेलं दिसतंय. तुम्ही तुमच्याचं काय केलंत?"

टाचण्या आता संपल्या होत्या.

"दिला," मास्तरीण म्हणाली. "एका मुलीचं लग्न होतं. तिला अडचण होती."

"फार मोठं मन तुमचं." नवरीच्या आईने ड्रेसवरून मायेने हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "पण खरं सांगू का? आमची असं दुसरीने घातलेलं काही अंगाला लावायची नाही हो. तिला लगेच खाज सुटते."

"असतं एकेकाचं," मास्तरीण म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.