रागाचा नंबर

चष्म्याचा नंबर काढता काढता भामरे काका मुलांना एक प्रश्न विचारतात. अंधारी खोली, नाकावर ती जड गोल फ्रेम, समोर भिंतीवर बारीक होत जाणारी अक्षरं. पोरगं शेवटच्या ओळीशी अडखळलं की काका भिंग बदलतात आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारतात, "सध्या कुणाचा राग येतोय?"

आईबाप बाहेर फ्रेम निवडत असतात. चौदा-पंधराची पोरं अंधारात खरं सांगून टाकतात. मग काका बाहेर येऊन आईबापांना डोळ्यांचा नंबर सांगतात आणि पोराला मागच्या कपाटातून एक गोष्टीचं पुस्तक देतात. "वाचून आण. आवडलं नाही तर शिव्या द्यायला ये."

नाशिकला कॉलेज रोडवर त्यांच्या दुकानाला लागून माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मधे नुसता प्लायवूड, त्यामुळे सगळं ऐकू येतं. आसपासच्या बऱ्याच चांगल्या घरांत काय चालतं ते मला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर त्या लोकांना नमस्कार करणं सोपं गेलं असतं.

काका मूळचे नामपूरचे, साठी ओलांडलेले, एकटे. शहरात राहून भाषा घासूनपुसून घेतली आहे, पण कोंडीत सापडले की अहिराणी बाहेर येते. दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर जपानी कार्टून मालिका बघत पोहे खातात. कोरियन बँडमधल्या पोरांची नावं त्यांना स्वतःच्या भाच्यांपेक्षा नीट येतात. वर म्हणतात, "यातलं मला एक गाणं आवडत नाही. पण पोरं काय ऐकून रडतात ते माहीत नको?"

एकदा नववीतल्या एका मुलीशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. कुठल्याशा मालिकेतल्या बापाला शेवटी माफ करायला हवं होतं की नाही, यावर. मुलगी म्हणत होती, त्याने माफी मागितली ना. काका म्हणत होते, उशिरा मागितली. तोवर एक बाई बायफोकल घ्यायला येऊन, वाट बघून, समोरच्या दुकानात गेल्या.

पालकांशी त्यांचं जमत नाही. पालकांना थोरामोठ्यांची चरित्रं हवी असतात. काका विचारतात, हे थोर लोक चौदाव्या वर्षी बापाला काय काय बोलले ते यात आहे का? नसेल तर पोरं हे कशाला वाचतील? एक गृहस्थ तावातावाने पुस्तक परत घेऊन आले. म्हणाले, यातली मुलगी आईशी खोटं बोलते. काकांनी चष्मा पुसत विचारलं, तुमची नाही बोलत? ते कुटुंब पुन्हा दुकानाची पायरी चढलं नाही. त्यांच्या मुलीचं ते पुस्तक अर्धंच राहिलं, याचं काकांना जास्त वाईट वाटलं.

या कपाटाने सगळ्यात जास्त घडवलं ते ऋचाला. आठवीत असताना वडिलांबरोबर आली होती. वडील बाहेर फोनवर कुणाशी तरी गोड बोलत होते, आणि ती आई नव्हती एवढं प्लायवूडच्या पलीकडून मलाही कळत होतं. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ऋचाने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. काकांनी खोलीतला दिवा लगेच लावला नाही. तिचं रडून होईपर्यंत भिंगं बदलत राहिले, म्हणजे वडिलांना वाटावं, नंबर सापडत नाहीये.

त्यानंतर बारावी होईपर्यंत ती दर शनिवारी यायची. पुस्तक परत, त्याला दोघांच्या शिव्या, नवं पुस्तक. भुतांचं, प्रेमाचं, दुसऱ्या ग्रहावर पळून गेलेल्या पोरांचं. पुढे पुण्याला शिकायला गेली आणि यायची थांबली. त्यात नवल नाही, सगळीच थांबतात. मिसरूड नीट फुटलं की मुलं रस्त्यात काकांना ओळख देत नाहीत. काका म्हणतात, बरं असतं ते, राग संपला असेल.

ऋचा मात्र गाजली. मोबाइलवर किशोरांना पुस्तकं, मालिका, सिनेमे सुचवते. फार सुंदर बोलते. प्रत्येक व्हिडिओ सुरू होतो तो कॅमेऱ्यात रोखून बघत. "सध्या कुणाचा राग येतोय?"

गेल्या हिवाळ्यात तिचा नाशकात कार्यक्रम झाला. मीच काकांना ओढून नेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही मागच्या रांगेत बसलो. हॉल पोरापोरींनी भरलेला. एका मुलाने उठून विचारलं, हा प्रश्न तुम्हाला कसा सुचला?

ऋचाने पाण्याचा घोट घेतला. तिची नजर मागच्या रांगेपर्यंत आली, काकांवर थांबली आणि परत फिरली.

"मी तेरा वर्षांची असताना मला हे कुणीतरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "कुणी विचारलं नाही. म्हणून मी तुम्हाला विचारते."

टाळ्या कडकडल्या. काकांनीही वाजवल्या. बाहेर फोटोसाठी झुंबड होती, त्यातून ती समोर आली, हसली आणि म्हणाली, "अरे काका, अजून आहे दुकान?" काका म्हणाले, आहे. तेवढ्यात तिला कुणीतरी ओढून नेलं.

रिक्षात मी तोंड सोडलं. कृतघ्न, खोटारडी, जे सुचेल ते बोललो. काका बाहेर बघत होते. गंगापूर नाक्याशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "मी विचारलं होतं असं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? 'मग तुम्ही काय उत्तर दिलंत?' हाच ना? मग भर सभेत बाप काढावा लागला असता तिला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ते उत्तर तिनं शे. गावनं नही." म्हणजे ते उत्तर तिचं आहे, गावाचं नाही.

माझा राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

नंतर एकदा दातांना तारा लावलेली एक मुलगी अंधाऱ्या खोलीतून मोठ्याने म्हणाली, "काका, ही ऋचाताईची लाइन आहे. कॉपी केली ना?"

मी प्लायवूडला कान लावून उभा राहिलो. आता तरी बोलतील असं वाटलं.

"हो," काका म्हणाले. "तिचीच आहे. हुशार मुलगी आहे ती."

परवा चहा घेऊन गेलो तर काका तिचा नवा व्हिडिओ बघत होते, कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, "हे पुस्तक फालतू आहे. शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. हे असलं कसं काय सुचवते ही?" आणि खाली अंगठ्याने लिहायला लागले. चांगलं लांबलचक लिहिलं, शिव्यांसकट. मग एकेक अक्षर पुसत सगळं पुसून टाकलं.

"टाका की," मी म्हटलं. "हजारो लोक लिहितात. तिला काय कळणार कोण ते."

"नको," काका म्हणाले. "शिव्यांवरून ओळखेल."