विशेनानांचं विरजण

विशेनाना कुणाच्याही घरी गेले की पाण्याआधी दही मागायचे. खायला नाही, हुंगायला! माझ्या भाच्यासाठी मुरबाडला मुलगी बघायला गेलो, तेव्हा हौसेनं त्यांनाही नेलं. मुलगी पोहे घेऊन आली. नाना म्हणाले, "पोहे ऱ्हाऊ दे गो, दही आन." वाटी हुंगली आणि कुणाला न विचारता होकार देऊन मोकळे! भाचा अजून सुखात आहे.

शहापूरच्या दूध संकलन केंद्रात नाना प्रयोगशाळेत मदतनीस, मी कारकून. नव्वद सालानंतर कधीतरी तिथं एक नव्या मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, दह्यातले काही जंतू एक प्रथिन सोडतात, ते दुसऱ्या जंतूंच्या अंगाला भोकं पाडून त्यांना मारतं. मारतं तेही जास्त करून भावकीतल्यांनाच. नानांचं चुलतभावाशी बांधावरून वाजलेलं, त्यामुळे त्यांना हे शास्त्र ताबडतोब पटलं.

मग नाना आटगावपासून उंबरमाळीपर्यंत घरोघरचं दही गोळा करू लागले. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधल्या खळग्यात दह्याची निवळ सोडायची. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं दिसलं की नाना ओरडायचे, "राखण हाय, राखण!" सगळं केंद्र बघायला धावायचं.

सगळ्यात मोठं कडं उमटलं ते नानांच्याच घरच्या दह्याचं. मॅडमनी ठरवलं, हे विरजण मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. आम्ही पेढ्यांची वाट बघत होतो, पण नाना विरजण काही आणीनात. रोज म्हणायचे, "उद्या आनतो."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी खर्डीला त्यांच्या घरी गेलो. नानांच्या पत्नी यमुनावहिनी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. नाना चुलीपाशी बसून दुधात बोट बुडवून बघत होते.

"नाना, तुम्हाला तर दही सोसत नाही."

"नाय सोसत. सकाळी शेजारी देतो."

"मग रोज लावता कशाला?"

"एक दिस चुकला तर इरजण तुटंल ना. तिच्या हातचं हाय." त्यांनी चमचाभर दही दुधात ढवळलं. "कुनाच्या हाती देववत नाय बघा."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तिथं मुंबईला जपतात म्हने, वर्सानुवर्सं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम तर तसंच म्हणतात."

"मग न्या. माझ्यामागं कोन लावनार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली आणली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. चिठ्ठीवर 'विरजण कुणाचं' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सौ. यमुना विशे, खर्डी.

मी हळूच म्हटलं, "नाना, इथं 'कै.' लिहायला हवं."

नानांनी बाटली उजेडात धरली.

"आतले जिते हायत," ते म्हणाले. "सौ.च ऱ्हाऊ दे."