घड्याळजींचे भुंगेरे

घड्याळजींची बायको बहिणीकडे निघाली, ती पायरीवरून परत फिरली आणि गुलाबाच्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कळी नीट उमलली पाहिजे. तिला काही झालं तर तुमचं तुम्ही बघा." तिनं लावलेला एकही गुलाब आजवर जगला नव्हता. हा पहिलाच कळीवर आला होता, तेव्हा घड्याळजींनी धास्ती घेतली यात नवल नाही.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. पानं तर तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकू लागली. आपल्या हाताला गुण आहे असं वाटून स्वारी जाम खूश झाली. मग पानाला बोट लावलं तर ते चिकटलं, मुंग्यांची रांग लागली आणि कोवळी पानं मुडपायला लागली. भिंग डोळ्याला लावून पाहिलं, तर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे कळीच्या देठावर दाटीवाटीनं बसून खुशाल रस ओढत होते.

दुसरा कोणी असता तर औषध आणायला पळाला असता. घड्याळजींनी दुकानातून चिमटा आणला. उभा जन्म घड्याळं साफ करण्यात गेलेला; काही बिघडलं की भिंग लावायचं आणि घाण कणाकणानं काढायची, एवढंच त्यांना ठाऊक. दुकान बंद ठेवून ते दिवसभर किडे वेचत बसले. सकाळी पाहतात तर किडे तेवढेच, वर त्यांची पिल्लंही.

शेवटी ते रोपं विकणाऱ्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, हा मावा. साबणाचं पाणी मारा, नाहीतर लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, ते भुंगेरे सोडा, मावा फस्त करतात. पाण्याचं नाव काढताच घड्याळजींच्या अंगावर काटा आला. घड्याळात पाणी शिरल्यावर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. भुंगेरेच आणायचे ठरले.

सार्वजनिक बागेच्या कुंपणापाशी गुडघे टेकून त्यांनी भुंगेरे वेचले, घड्याळाच्या डब्यांत भरले आणि घरी जाता जाता दुकान उघडलं. तिथंच घोळ झाला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई दुरुस्तीला दिलेलं आपलं घड्याळ समजून भलतीच डबी घेऊन गेल्या आणि ती भर वर्गात उघडली. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. बाई तणतणत परत आल्या, तर घड्याळजींनी माफी मागायची सोडून विचारलं, "डबीत एखादा राहिलाय का?" बाईंनी डबी टेबलावर आपटली. एक राहिला होता.

भुंगेऱ्यांनी मात्र काम चोख केलं. मावा साफ, कळी टपोरी. घड्याळजी भिंगातून त्यांचं जेवण बघत बसायचे; एका खादाडाचं तर त्यांना फारच कौतुक. आणि मग ध्यानात आलं की आता त्यांना खायला काही उरलंच नाही. बिचारे या पानावरून त्या पानावर नुसते हिंडत होते. घड्याळजींच्या घशाखाली घास उतरेना.

ते शेजारच्या वहिनींच्या दारात जाऊन उभे राहिले. खूप वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, तुमच्या वेलावर मावा पडलाय ना? थोडा द्याल?"

वहिनींनी अख्खी फांदी तोडून दिली, शिवाय लागला तर आणखी न्या म्हणाल्या.

बायको परतली तेव्हा गुलाब पूर्ण उमलला होता. तिचा चेहरा खुलला. मग तिला दिसलं, की नवरा त्या फांदीवरचे किडे ब्रशनं अलगद उचलून तिच्याच गुलाबाच्या देठावर सोडतोय आणि भुंगेऱ्यांना सावकाश खा म्हणतोय. बॅग खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "मला कधी असं वाढलंत?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "हातपाय धुऊन बस," ते म्हणाले. "यांचं उरकलं की तुझंच बघतो."